द्राक्षबागेतून समुद्रतळाकडे

प्रश्न: मुलगी एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स आणि गणित. समुद्रतळाच्या सर्वेक्षणात संशोधन करून पुढे प्राध्यापक व्हायचं म्हणते. आम्ही दिंडोरी तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. तिला कायम बोटीवर राहावं लागेल का? यात पोट भरेल का?
– एक आई, जि. नाशिक

ताई, बोअर घेण्याआधी बागेत कुणी चार सळया ठोकून मीटर लावला होता का? बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोघींमधलं व्होल्टेज मोजतात. ओला मुरूम वीज सहज जाऊ देतो, अखंड काळा पाषाण अडवतो. तुमची मुलगी शिकायचं म्हणते ते याच घराण्यातलं शास्त्र. समुद्रात विजेऐवजी बहुतेक वेळा आवाज वापरतात, म्हणजे तो सोडून तळाखालच्या थरांवरून परत येणारा प्रतिध्वनी टिपतात, एवढंच.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. ३.५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार कंपनांच्या आवाजाची एक लहर साधारण ४३ सेंटिमीटरची. तिच्या चौथ्या हिश्शाएवढे, म्हणजे अकराएक सेंटिमीटरचे थर वेगळे ओळखता येतात, पण हा आवाज फार खोल जात नाही. ५० हर्ट्झचा आवाज कितीतरी खोल पोचतो, मात्र पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने हिशोब केला तरी त्याने साडेसात मीटरच्या आतलं वेगळं काढता येत नाही. बारीक पाहावं की खोल, या ओढाताणीत पीएच.डी.चे कितीतरी विषय दडलेले आहेत.

बोटीची काळजी मात्र सोडा. मोहीम काही आठवड्यांची असते, मग त्या नोंदींवर कॉम्प्युटरसमोर वर्षं जातात. भरती-ओहोटीचा फरक काढणं, गोंगाट गाळणं हे सगळं जमिनीवरचं काम. म्हणून गणित सुटू देऊ नका आणि प्रोग्रॅमिंग आत्ताच सुरू होऊ द्या. मुलीच्या जातीला हे जमेल का, असं कुणी विचारलं तर नागपूरच्या डॉ. अदिती पंत यांचं नाव सांगा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या या शास्त्रज्ञ १९८३ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या होत्या.

टी.वाय.च्या वर्षी फेब्रुवारीत जॅम, म्हणजे एम.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची. फॉर्म सप्टेंबरच्या सुमारास निघतात. मुंबई, रुरकी, धनबादच्या आयआयटींत भूभौतिकीचं, म्हणजे जमिनीच्या पोटातलं मोजण्याच्या या शास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पुढे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. पीएच.डी. पाचेक वर्षं चालते आणि कायमच्या जागा मोजक्याच निघतात. नेमणूक तिशीनंतर मिळाली तरी उशीर झाला असं समजू नका. त्या वर्षांत 'आता लग्नाचं बघू' हा धोशा तिच्यामागे लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. प्राध्यापकी लांबली तरी बंदरं, समुद्राखालच्या केबल, बोगदे, धरणं यांच्या सर्वेक्षणात हेच शिक्षण कामाला येतं.

यंदाच्या सुट्टीत पाण्याचा सर्व्हे करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर तिला दोन दिवस शिवारात पाठवा. आलेख तिलाच काढू द्या. एखादं रीडिंग चुकीचं वाटल्यावर ती उन्हात परत सळई ठोकायला गेली, तर फॉर्म भरायला लावा.