मोजणाऱ्यांत जाऊन बस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

"काका, एआयच्या जाहीरनाम्यांवर देशच सह्या करत नाहीत, मग एआय सुरक्षित करण्याच्या कामात मी आयुष्य का घालू?" या तुझ्या प्रश्नाने दोन रात्री झोप लागली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅरिसच्या एआय परिषदेत अमेरिका आणि ब्रिटनने जाहीरनाम्यावर सही केली नाही. सहअध्यक्ष भारत होता, मलाही वाईट वाटलं. पण २०२३ ला ब्रिटनमध्ये ब्लेचलीच्या एआय सुरक्षा परिषदेत अमेरिका, चीन, भारत धरून २८ देश एका जाहीरनाम्यावर आले होते, तेव्हा तरी सगळं मार्गी लागलं का? सह्यांपायी जीव टांगणीला लावू नकोस. मोजायचं काय आणि कसं, हे कोण ठरवतं ते बघ.

२०१० ला आपली द्राक्षं युरोपात अडली ती क्लोरमेक्वाटमुळे. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणतात. वेलीची फाजील वाढ रोखायला ते मारत. द्राक्षात उरलेल्या अंशाची युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं! दिंडोरी-पिंपळगावची माणसं रिपोर्ट पुढे करून विचारायची, "साहेब, यात कुठं काय दिसतंय?" कागद स्वच्छ होता. ती यादी कुणीतरी वेळेत युरोपच्या नियमांशी ताडून बघायला हवी होती, ही सल अजून जात नाही.

आता हे बघ. सिंगापूरच्या पुढाकाराने काही देशांच्या संस्थांनी मिळून दहा भाषांत एआय मॉडेलं, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या संगणक प्रणाली, तपासली. त्यात तेलुगू आहे, मराठी नाही. निफाडच्या शेतकऱ्याने "पंपाला किती मिली टाकू?" विचारलं तर मॉडेल काय सांगेल, ते त्या तपासणीत कुणी पाहिलंच नाही. म्हणून म्हणतो, मोजणाऱ्यांत जाऊन बस.

याला तू कारकुनी म्हणालास, त्याचा राग आला. बाहेरच्या मोठ्या पगारावर पाणी सोडून मी तपासणीच्या लॅबमध्येच राहिलो. काय मिळवलं, असं घरचे अजून विचारतात. पुढे यादी सुधारली, माल पुन्हा युरोपात जाऊ लागला. त्या कामाला माझे हात लागलेत, मला एवढं पुरतं.

बंगळूरची नोकरी खुशाल घे. पण त्याआधी कृषी सहायक, आशाताई, तलाठी यांना लोक जे विचारतात ते प्रश्न त्यांच्याच बोलीत उतरवून घे आणि बरोबर उत्तर जाणकाराकडून लिहून घे. दिल्लीत एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट जाहीर झाली आहे, त्यांच्यापुढे ठेव. फवारणीचे प्रश्न आधी माझ्याकडे आण, मात्रा मी तपासून देतो.

तुझा,
काका
नाशिक