आयटीआयच्या एकाच तुकडीवर व्यवसाय शिक्षणातलं संशोधन होऊ शकतं का?

तुम्ही लिहिलंय की धाराशिव जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये तुम्ही डिझेल मेकॅनिकचे शिल्प निदेशक आहात, हाताशी वीस-चोवीस मुलांची एकच तुकडी आहे आणि ‘ऑटोमोबाईल उद्योग व कौशल्य शिक्षण : एक अभ्यास’ असा विषय कुणी तरी सुचवलाय. मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल शिकवतो. माझं मत सरळ आहे : तुकडी पुरेशी आहे, विषय मात्र बदला.

आपल्याकडं या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन प्रश्नावलीवर चालतं. ‘प्रात्यक्षिकं समाधानकारक वाटतात का?’ पूर्ण सहमत, सहमत, असहमत. मुलं भराभर खुणा करतात, टक्केवारी निघते, प्रबंध बांधून होतो. पण त्याच मुलाला बंद पडलेल्या ट्रॅक्टरपुढं उभं केलं तर तो काय करेल, याचा त्यातून पत्ता लागत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वाळूजच्या कारखान्यात काय किंवा कळंबच्या गॅरेजवर काय, त्याची पारख तिथंच होणार असते.

म्हणून दोषनिदान घ्या. समजा, सेल्फ मारल्यावर इंजिन जड फिरतंय. बरीच मुलं लगेच बॅटरी बदलायला निघतात, नाही तर सेल्फच खोलायला बसतात. खरं तर आधी मल्टिमीटर हातात घ्यायला हवा. पूर्ण चार्ज बॅटरी, तिच्यावर काही चालू नसताना, साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरताना ती 9.6 च्या खाली जाते का ते बघायचं. ती ठीक असेल तर सेल्फ फिरत असतानाच बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत वाया जाणारा व्होल्टेज, मोजायचा. तिथं अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला, तर संशय अर्थिंगच्या पट्टीवर : गंजलीय किंवा ढिली झालीय. अशा वेळी नवी बॅटरी घालून शेतकऱ्याचे पैसे तेवढे जातात. विचाराचा हा क्रम मुलांच्या अंगवळणी कसा पडतो, हा तुमचा संशोधनप्रश्न.

जर्मनीत 2003 मध्ये मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय एकत्र करून साडेतीन वर्षांचा मेकॅट्रॉनिक्सचा (यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक काम एकत्र) व्यवसाय केला गेला. राइनहोल्ड निकोलाउस, स्टेफान आबेले या अभ्यासकांनी तिथल्या शिकाऊ मुलांना संगणकावरच्या गाडीत दोष शोधायला लावून त्यांची निदानक्षमता मोजली, ती खऱ्या गाडीवरच्या कामाशी ताडूनही पाहिली. आपल्याकडं 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे गाड्यांच्या धुराचं कडक मानक आलं आणि रस्त्यावरच्या नव्या डिझेल गाड्याही सेन्सर आणि वायरिंगने भरून गेल्या. त्यामुळं हा प्रश्न आता आपल्या वर्कशॉपचाही आहे.

तुमच्याकडं तसा सिम्युलेटर नसेल, तरी अडत नाही. इंजिनाच्या वायरिंगमध्ये स्विच बसवून ते एका बंद डब्यात ठेवा. एक स्विच पाडला की फ्युएल सोलेनॉइडचा (इंधन चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) पुरवठा तुटेल, दुसरा पाडला की ग्लो प्लगच्या (थंड इंजिन तापवणारा प्लग) रिलेचा. दोष विजेच्या बाजूचेच ठेवा, एवढं मात्र कळकळीनं सांगतो. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, इंधनाचा दाब हजार बारच्या पुढं जातो, गळतीची बारीक धार थेट कातडीत शिरते. परीक्षेसाठी म्हणून तिथं हात घालू नका. कोणते दोष घ्यायचे हे पुस्तकावरून ठरवण्याआधी आसपासच्या गॅरेजवरच्या मिस्त्रींकडं बसा आणि नुकतीच डोकं खाणारी कोणती गाडी आली होती, तिचा दोष कसा सापडला, हे विचारा.

मग तुकडीचे दोन गट करा. एका गटाला पाना उचलण्याआधी कागदावर लिहायला लावा : संशय कशावर, कोणती चाचणी, मीटरवर किती आकडा अपेक्षित. दुसरा गट नेहमीच्या पद्धतीनं शिकेल. पुढच्या टप्प्यात दुसऱ्या गटालाही ती पद्धत द्या, म्हणजे कुणाचं नुकसान नाही. मोजायचं काय? लागलेला वेळ, विनाकारण खोललेले भाग, घेतलेली रीडिंग आणि शेवटी कारण बरोबर सापडलं की नाही. दोन निदेशकांनी एकमेकांचं न बघता गुण द्यावेत. महिना-दीड महिन्यानं पुन्हा चाचणी घ्याल तेव्हा दोष नवा ठेवा, नाही तर मुलांची नुसती आठवण मोजली जाईल. सांख्यिकीचा बाऊ नको. प्रत्येक मुलाचा आधीचा-नंतरचा आकडा शेजारी शेजारी मांडा, अशा जोडीच्या आकड्यांतला फरक तपासणारी विल्कॉक्सन ही सांख्यिकी चाचणी एवढ्या संख्येला चालते.

आपल्या भागातली एक अडचण बाहेरच्या मार्गदर्शकाच्या लक्षात येणार नाही. आयटीआयला चौदा वर्षांपासून प्रवेश मिळतो, त्यामुळं अल्पवयीन मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागेल. पण ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात, ते दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. संमती त्याआधीच घ्या. हंगामात काही मुलं घर सांभाळायला किंवा कोयता धरायला जातील, हजेरी पडेल. त्यांची नावं गुपचूप वगळू नका. ती का गळाली, कोणत्या टप्प्यावर गळाली, हे अहवालात लिहा, तोही निष्कर्षच आहे. या चाचणीचा त्यांच्या गुणांशी संबंध नाही, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

पदवीसाठी करणार असाल तर नोंदणीआधी मार्गदर्शकाला या चाचणीचा कच्चा आराखडा दाखवा. पदवी नको असेल तरी कृतिसंशोधन (शिक्षकानं स्वतःच्याच वर्गात सुधारणेसाठी केलेलं संशोधन) म्हणून हे उभं राहतं. शेवटी डब्याचा वायरिंग डायग्राम, दोषांची यादी आणि गुणदानाचा तक्ता अहवालाला जोडा, म्हणजे हिंगोलीतला किंवा परभणीतला निदेशक हीच चाचणी त्याच्या तुकडीवर घेऊ शकेल.