उंबरठ्यावरचे एक जास्तीचे बोट

भुसावळ, १२ ऑक्टोबर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा कार्यक्रमाचा कच्चा आराखडा मिळाला. आपल्यातल्या गेलेल्या समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या स्मृतिमैफलीची सूत्रे तुझ्याकडे द्यायची असे आपल्या वाद्यवृंदाने ठरवले, हे वाचून समाधान वाटले. त्याच्या पुढच्याच ओळीत मात्र तू लिहिले आहेस की तुझे जवळचे असे अजून कोणी गेलेले नाही, मग या मैफलीसमोर कोणत्या तोंडाने उभे राहायचे. त्याचा घोर करू नकोस. तेथे ताल मोजणारा आणि सूर धरून ठेवणारा माणूस हवा आहे. दुःख करायला आम्ही म्हातारे आहोतच, आणि आम्हाला त्याचा भरपूर सराव आहे.

दोन किरकोळ गोष्टी आधी उरकतो. फलकावर 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द नको. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जत्रेतला नाही तर गणपतीतला मंच, दिव्यांची उघडझाप आणि सिनेमाची गाणी येतात. शिट्ट्या मारायच्या तयारीने आलेल्या माणसाला आपण गेलेल्यांची नावे ऐकवली, तर चूक त्याची नव्हे. 'वाद्यवृंद' लिही. दुसरी गोष्ट तारखेची. २० नोव्हेंबर हा हिंसेला बळी पडलेल्या पारलिंगी व्यक्तींच्या स्मरणाचा दिवस आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा खून झाला, आणि त्यानंतर वर्षभराने तो पाळला जाऊ लागला. १ डिसेंबर हा १९८८ पासून जागतिक एड्स दिन आहे. आपल्या यादीत दोन्ही प्रकारे गेलेली माणसे आहेत, शिवाय ज्यांनी घरच्या छळाला कंटाळून स्वतःच जीव दिला तीही आहेत. म्हणून या दोन तारखांच्या मधला रविवार धरावा आणि मैफलीला कोणत्याच एका दिवसाचे नाव देऊ नये, असे माझे मत आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे ती यादी. तू तेवीस नावे लिहून पाठवली आहेस आणि प्रत्येकापुढे कंसात मृत्यूचे कारण दिले आहेस. ते कंस आजच खोडून टाक. ज्या कागदावर ते लिहिले असतील तो कागद तालमीच्या खोलीत कोणाच्याही हाती लागू देऊ नकोस. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा एखाद्या व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीवाचून उघड करायला मनाई करतो, आणि जो माणूस आता संमती द्यायला उरलेला नाही त्याच्या बाबतीत तर आपण हा संकेत अधिकच काटेकोरपणे पाळला पाहिजे. आपल्याला माणूस आठवायचा आहे, त्याचा आजार जाहीर करायचा नाही.

नावांचेही तसेच. तुझ्या यादीतल्या किमान सहा जणींची नावे तू शाळेच्या दाखल्यावरून किंवा आधारकार्डावरून घेतलेली दिसतात. ती नावे त्यांनी स्वतः टाकून दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी व्यक्तीने स्वतः सांगितलेली लिंग-ओळख मान्य केली, पण आपल्या कामासाठी निकालाचा आधार शोधण्याचीही गरज नाही. ज्या नावाने ती माणसे हाकेला ओ देत होती तेच नाव वाचायचे. ते कळण्यासाठी तृतीयपंथी घराण्यातल्या त्यांच्या गुरूंकडे जा, गुरुबहिणींना भेट, चहा घे, घाई करू नकोस. एकीच्या बाबतीत घरचे एक नाव सांगतील आणि सोबत राहिलेल्या दुसरे. अशा वेळी सोबत राहिलेल्यांचे ऐकावे.

यापलीकडे काही नावे अशी उरतात की जी मोठ्याने घेताच येत नाहीत. हे तुला पटवण्यासाठी मला स्वतःविषयी थोडे लिहावे लागेल.

तारुण्यात मी एका लग्नबँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत असे आणि तो ट्रम्पेट वाजवत असे. लग्नसराईत धुळे, चोपडा, अमळनेर, शहादा असे फिरताना नऊ वर्षे आम्ही एकाच ट्रकच्या हौद्यात, एकाच सतरंजीवर झोपलो. लोक आम्हाला जोडीदार म्हणत, आणि बँडमध्ये त्या शब्दाचा अर्थ कोणी विचारत नाही, ही आमची सोय होती. १९९६ मध्ये तो गेला. सरकारी दवाखान्यातून एचआयव्हीवरची मोफत औषधे मिळू लागली ती २००४ च्या एप्रिलपासून, म्हणजे त्याच्यासाठी आठ वर्षे उशिरा. घरच्यांनी गावात कावीळ सांगितली. मी स्मशानात बँडवाल्यांच्या घोळक्यात मागे उभा होतो, आणि दहाव्याला मला निरोप नव्हता. त्याचे नाव मी या पत्रातही लिहीत नाही, कारण त्याची बहीण हयात आहे आणि तिच्या नातवंडांची लग्ने अजून व्हायची आहेत. तिच्यावर माझा राग नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. तरीही तिच्या घरावर नाव फेकायचा हक्क मला आहे असे मला वाटत नाही.

पुढच्या वर्षीच्या आखाजीची, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेची गोष्ट. आमच्या घरी घागर भरण्याचे आईकडे असे. पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर छोटे भांडे, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. मग ती उंबरठ्याशी बसून एकेका पितराचे नाव घेत कुंकवाचे एकेक बोट उमटवी. आजोबा, आजी, दोन काका, लहानपणी गेलेली माझी बहीण, अशी सगळी मिळून सात बोटे असत, आणि आम्ही मुले ती मोजत असू. त्या वर्षी तिने आठवे बोट उमटवले. नाव घेतले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही, आणि पदराला बोट पुसून ती आत गेली. आम्हा मायलेकरांत त्याविषयी कधीही बोलणे झाले नाही.

तुझ्या मैफलीतही अशा बोटाला जागा असली पाहिजे, आणि ती संगीतात करता येते. अमेरिकी संगीतकार जॉन कोरिल्यानो यांनी एड्सने गेलेल्या मित्रांच्या स्मरणार्थ आपली पहिली सिम्फनी लिहिली. ती १९९० मध्ये शिकागोत प्रथम वाजली. तिच्या एका भागासाठी त्यांनी गेलेल्या मित्रांविषयी छोटी छोटी वाक्ये लिहून घेतली, त्या वाक्यांना चाली लावल्या, मग शब्द काढून टाकले आणि उरलेल्या चाली वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिल्या. ऐकणाऱ्याला शब्द ऐकू येत नाहीत, पण प्रत्येक ओळ कोणा एकाचीच असते. त्याच रचनेत दुसऱ्या ठिकाणी मंचाच्या आड एक पियानो वाजतो, आणि एका गेलेल्या पियानोवादक मित्राच्या आवडीची धून दुरून येत राहते. हे तंत्र आपल्याला परके नाही. नावाचे लघु-गुरू मोजले की त्याची लय आपोआप हाती येते. उदाहरणादाखल 'शकुंतला' घे: लघु, गुरू, लघु, गुरू, म्हणजे सहा मात्रा, दादरा तालाचे एक आवर्तन. 'मुरलीधर' हेही सहाच मात्रांचे, पण त्यात एकच गुरू मध्यभागी येतो, त्यामुळे ते वाजताना अगदी वेगळे चालते. 'नारायणी' सात मात्रांचे, ते रूपक तालात टाक. जी नावे बोलता येतात ती आधी बोलावीत आणि मग वाजवावीत. जी बोलता येत नाहीत ती नुसती वाजवावीत. त्यांच्यासाठी वेगळा इशारा, वेगळा दिवा, वेगळे निवेदन काहीही करू नये. कोणती ओळ कोणाची हे वाजवणाऱ्यालाच माहीत असावे, आणि वाजवणारा तो माणूस ओळखणाराच असेल असे जमले तर फारच चांगले.

रागाविषयी माझा तुझ्याशी मतभेद आहे. आराखड्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत शिवरंजनी आहे. राग वाईट नाही, पण सिनेमाने त्याला इतके रडवले आहे की पहिल्याच कोमल गंधाराला श्रोता खिशातून रुमाल काढतो, आणि रुमाल काढलेला माणूस पुढची बावीस नावे ऐकत नाही. मैफल संध्याकाळी सहाच्या सुमारास सुरू होणार असेल तर मारवा घे. त्यात पंचम नाही आणि षड्जावर येणे सतत लांबवले जाते. कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यावरच सगळा भार राहतो. तेवीस नावे होईपर्यंत कोणत्याही वाद्याने षड्जावर विसावू नये, एवढा एक नियम सर्वांना घालून दे. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादावर लावायला विसरू नकोस. शेवटी भैरवी हवीच, पण ती लहान असावी आणि व्हायोलिनवाल्यांना तिच्यात हुंदके काढायची मोकळीक नसावी.

पट्टी, म्हणजे पेटीवरची षड्जाची जागा, तू पांढरी दोन धरली आहेस. ती व्हायोलिनला सोयीची आहे हे मला कळते, पण क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही जात्याच काळी पाचची वाद्ये आहेत, आणि पांढरी दोनवर मारवा वाजवताना बँडमधून आलेल्या मुलांची बोटे एकमेकांत अडकतील. पांढरी चार घे, म्हणजे फुंकवाद्यांना बोटांना सोपा पडेल असा षड्ज मिळेल. व्हायोलिनवाल्यांनी तारा त्या हिशेबाने लावून घ्याव्यात. जळगावचे खुले नाट्यगृह ठरले, तर हवेचाही विचार कर. नोव्हेंबरअखेर दुपारी आपल्याकडे ऊन चांगलेच असते आणि दिवस मावळला की झपाट्याने गारवा येतो. गारव्याने क्लॅरिनेट उतरते आणि व्हायोलिनच्या तारा चढतात; चार वाजता जुळलेली ही दोन वाद्ये सात वाजता एकमेकांची तोंडे पाहणार नाहीत. पेटी त्या मानाने जागची हलत नाही, तेव्हा मध्ये दोनदा थांबून सर्वांनी पेटीवरून सूर जुळवावा, आणि फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांनी आपली पाळी नसतानाही वाद्यात आवाज न करता ऊन श्वास सोडत राहावे. श्रोत्यांना त्या थांबण्याचा कंटाळा येईल, असे तुला वाटत असेल तर येऊ दे. बेसूर वाजवलेले नाव ही त्या माणसाची दुसऱ्यांदा केलेली हेळसांड होय.

तालमीत कोणीतरी रडेल. वाजवता वाजवता धुळ्याचा तो मोठा पेटीवाला भाता सोडून बाहेर जाईल, हे मी आताच सांगतो, कारण तो दरवेळी जातो. त्याला परत बोलवायला कोणाला पाठवू नकोस. तालीम चालू ठेव, म्हणजे त्याला परत येण्यासाठी जागा राहते. सॅन फ्रान्सिस्कोच्या समलिंगी पुरुषांच्या गायकवृंदाने लोकांपुढे पहिल्यांदा गायले ते २७ नोव्हेंबर १९७८ च्या रात्री, तिथले उघडपणे समलिंगी असलेले नगरसेवक हार्वे मिल्क यांची हत्या झाली त्याच दिवशी, नगरभवनाच्या पायऱ्यांवर. वृंद जेमतेम काही आठवड्यांचा होता, आणि ती माणसे आपल्यापेक्षा कमी दुःखी होती असे मानायला जागा नाही. जर्मन संगीतकार मेंडेलसोनची चार आवाजांची रचना गाताना त्यांना एकमेकांचा सूर ऐकावाच लागला असेल.

आपल्याकडे कोण ऐकायला येणार, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस. याच जळगाव तालुक्यात भादली बुद्रुक गावी एका तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला होता. उच्च न्यायालयाने तिला स्त्री म्हणून उभे राहू दिले आणि २०२१ मध्ये गावाने तिला ग्रामपंचायतीवर निवडून दिले. केळीच्या बागांत राबणारी ती माणसे सगळी उदार विचारांची आहेत असा माझा भ्रम नाही, पण आपल्या लोकांविषयी आपणच आधी वाईट अंदाज बांधतो, ही खोड मलाही उशिरा गेली. पहिल्या दोन रांगा मात्र गेलेल्यांच्या माणसांसाठी राखून ठेव, आणि तेथे कोणी बसले नाही तरी त्या भरू नकोस.

आता एक मागणे. माझ्या माणसाचे नाव पाच मात्रांचे आहे. ते ट्रम्पेटवर, मंचाच्या मागून, एकदाच वाजावे. मी वाजवणार नाही. माझे दात आता तेवढा दाब सोसत नाहीत, आणि ते वाद्य माझे नव्हेही. अमळनेरच्या मुलाकडून वाजवून घे. नावाची लय मी त्यालाच समोर बसून सांगेन, तुलाही सांगणार नाही, याचा राग मानू नकोस. वाद्य माझ्याकडे आहे. बँड मोडला तेव्हा मालकाने हिशेबात पैसे न देता तीन वाद्ये दिली, त्यातले हे एक. त्याचा मधला व्हॉल्व्ह अडकत होता, तो मी उघडून पुसला आणि तेल घातले. आता खाली जातो, पण वर यायला किंचित वेळ लावतो, तेव्हा मुलाला सवय होण्यासाठी निदान तीन रविवार हवेत. या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मी ते घेऊन येतो. माउथपीस वेगळ्या रुमालात बांधलेले असेल. ते कोमट पाण्याने धुऊन मगच त्याच्या हाती दे, आणि तो रुमाल मला परत कर.

तुझा,
मास्तर