चेकचे मणी, चेकची बटणं: आणायला जायचं कुठे?

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): ताई, मी घरीच ब्लाउज शिवते आणि मण्यांचे दागिने पण करते. चेक (झेक) देशातल्या काचेचे मणी आणि बटणं एकदम भारी असतात असं सगळ्या सांगतात. मावसबहीण जर्मनीत ड्रेस्डेनला असते, तिच्याकडे सप्टेंबरात जायचं चाललंय. तिथूनच चेकला जाऊन माल आणू का, की मुंबईत मिळतो तो पुरे? पैसे मोजकेच आहेत.

उत्तर: जायला मिळतंय तर जा गं, पण तिथे पैसे घाल ते बटणांवर, मणी मुंबईतून घे. मी दोन्हीकडे फिरलेय म्हणून एवढं ठाम सांगते.

ड्रेस्डेनहून चेकमधल्या लिबेरेत्सला थेट ट्रेन आहे, आणि लिबेरेत्सहून मी ट्रामने याब्लोनेत्सला, म्हणजे काचेच्या मण्या-बटणांच्या गावाला गेले, डोंगरातून जाते ती, फार सुंदर रस्ता. शेंगेन व्हिसा असला की जर्मनी आणि चेक दोन्हीकडे चालतो, फक्त चेकमध्ये पैसे त्यांच्या कोरुना चलनात द्यायचे, युरो नाही. याब्लोनेत्सचं जुनं जर्मन नाव गाब्लोन्झ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी याच गावातून आपल्याकडे काचेच्या बांगड्यासुद्धा यायच्या! १९४५ नंतर तिथल्या जर्मन बोलणाऱ्या कारागिरांना देश सोडावा लागला, त्यातल्या बऱ्याच जणांनी बव्हेरियात काउफबॉयरेनजवळ नॉयगाब्लोन्झ म्हणून नवीन वस्ती वसवली आणि तिथे पुन्हा तोच धंदा उभा केला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं आणि कौतुकही वाटलं होतं.

गावात काच आणि दागिन्यांचं म्युझियम आहे, खरेदीच्या आधी अर्धा दिवस तिथे काढ, पैसे वाचतील. कारण मणी कसा बनतो ते एकदा कळलं की दुकानात नजर आपोआप बरोबर जागी जाते. बारीक दाणे, आपण पोतीला वापरतो तसले, ते काचेच्या लांब नळीचे तुकडे करून परत तापवून गोल करतात. मोठे मणी वेगळे, त्यात काचेची कांडी मऊ होईपर्यंत तापवायची, साच्यात दाबायची, भोक पाडायला सुई असतेच, मग कडेला राहिलेली काच घासून काढायची. पैलूवाल्या मण्यांना शेवटी परत आगीची झळ देतात म्हणून त्यांच्या कडा हाताला टोचत नाहीत आणि चमक पाण्यासारखी दिसते.

बटणं पण अशीच दाबून करतात, मागे कडी असते, पण नंतर त्यांच्यावर सोनेरी, रंगीत काम हाताने होतं. म्हणूनच मी म्हणते बटणं आण, असलं काम इकडे मला कुठे दिसलं नाही. हाताचं असल्यामुळे एकाच कार्डावर लावलेली दोन बटणंसुद्धा अगदी सारखी नसतात, तेव्हा एका ब्लाउजला सहा लागत असतील तर आठ घे. माप लाइनमध्ये सांगतात, ४० लाइन म्हणजे १ इंच, ब्लाउजच्या पाठीला १८ लाइन म्हणजे साधारण साडेअकरा मिलीमीटर छान दिसतं, २८ लाइन कुर्त्याला. आणि गिऱ्हाइकाला आधीच सांग, मशीनमध्ये टाकायचं नाही, धोंड्यावर आपटायचं तर अजिबात नाही.

आता मणी. मुंबईत चेकचे दाणे ठेवणारे व्यापारी आहेत, तुतारी एक्सप्रेसने पहाटे दादरला उतर आणि दुकानं उघडली की भुलेश्वरला जा. गणपतीच्या आसपास नको, तिकीटही मिळत नाही आणि दुकानदारालाही बोलायला वेळ नसतो. मण्याच्या मापाचा नंबर जेवढा मोठा तेवढा दाणा बारीक हे लक्षात ठेव, ११ नंबर साधारण २ मिलीमीटरचा. जुडी हातात घेतलीस की रंगाच्या आधी भोकं बघ, ती सारखी असली पाहिजेत, कडा धारदार असली तर दोरा महिन्याभरात कापला जातो. साधा सुती दोरा आपल्या दमट हवेत तसाही कुजतो, नायलॉनच घे.

मी एकदा भुलेश्वरला जांभळ्या मण्यांच्या चार जुड्या चेकच्या म्हणून घेतल्या, भाव पण तसाच दिला, मालवणच्या एका बाईंना हार करून दिला आणि पहिल्याच लग्नात घामाने रंग त्यांच्या गळ्याला आणि साडीला लागला. पैसे परत दिले मी, पण त्या बाई पुन्हा आल्या नाहीत, ते अजून टोचतं. ते मणी चेकचे असतीलही, पण रंग वरून दिलेला होता. गुलाबी आणि जांभळ्याला हा धोका जास्त, कारण अस्सल गुलाबी काचेला सोनं लागतं, मग स्वस्तात रंग वरून चढवतात. म्हणून पहिल्यांदा एकच जुडी घे, घरी आणून नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरव, शिवाय एक सर अर्धा कागदात गुंडाळून आठ दिवस उन्हात ठेव. दोन्हीतून पास झाला तर पुढची ऑर्डर. आत चांदीचा मुलामा असलेले मणी दिसायला लखलखीत, पण आपल्या खाऱ्या हवेत आणि घामात काळे पडतात, नेहमी वापरायच्या दागिन्यात ते मी घालतच नाही.

आणि हो, विकायला माल आणणार असशील तर आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा कोड) काढावा लागतो आणि कस्टम ड्युटी भरावी लागते. जायच्या आधी सीएला विचार, बिलं सगळी जपून ठेव.

प्रश्न (गुहागरहून): आजीच्या डब्यात रंगीत बटणं सापडली. काचेची आहेत का प्लास्टिकची, कसं ओळखू?

उत्तर: गालाला लावा, काच गार लागते. मग दातावर हळूच वाजवा, काचेचा आवाज टणक येतो, प्लास्टिकचा बसका. मागची कडी पितळेची असेल तर हिरवी झाली असेल, ती कोरड्या ब्रशने साफ करा, पाण्यात भिजत घालू नका, वरचं सोनेरी काम निघून जातं. पुसून झाली की एकेक मऊ कापडात गुंडाळून ठेवा, एकमेकांवर आपटली की कडांचे टवके उडतात.