सेनुफो अंगठ्या घेण्यापूर्वी

आयव्हरी कोस्ट, माली आणि बुर्किना फासो येथील सेनुफो समाजाच्या जुन्या ओतीव अंगठ्या जमवायच्या असतील, तर प्राण्याच्या आकाराला भुलण्याआधी आपण आतली बाजू पाहावी. वर्षानुवर्षे बोटात राहिलेल्या अंगठीची आतली कड गुळगुळीत होते, सरड्याच्या पाठीवरचे वा अजगराच्या वेटोळ्यांवरचे उंचवटे झिजतात आणि काळपटपणा खाचांतच उरतो. सर्वत्र एकसारखा काळा रंग बहुधा मुद्दाम चढवलेला असतो. (विक्रेते पितळेलाही सर्रास कांस्य म्हणतात, ते फारसे मनावर घेऊ नये.) मेणाचा नमुना वितळवून केलेल्या ओतकामात साचा प्रत्येक वेळी फोडावा लागतो, म्हणून हुबेहूब सारख्या दोन अंगठ्या दिसल्यास सावध व्हावे. रानरेड्याच्या मस्तकाची मोठी अंगठी मात्र अंत्यविधीत मौनाची खूण म्हणून दातांत धरली जाई, तेव्हा केवळ आतली झीज नाही एवढ्यावरून तिला बनावट ठरवू नये.