दोन वर्षांच्या मुलीचे वजन वाढत नाही : वाटी मोठी करण्याआधी पाहावयाच्या गोष्टी

आपण लिहिले आहे की मुलगी नुकतीच दोन वर्षांची झाली, वजन ८.७ किलो आहे, दिवसातून चार बाटल्या दूध पिते, घन अन्न मात्र दोन घासांपुढे जात नाही, आणि घरातील सर्वजण आता एखादी पावडर सुरू करा म्हणत आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलींचे मध्यम वजन ११.५ किलो असून ९ किलोच्या खाली ‘कमी वजन’ धरतात. त्यामुळे ही केवळ आजीची काळजी म्हणून सोडून देण्यासारखी बाब नाही. मात्र एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. आधीची सर्व वजने तक्त्यावर मांडून पाहावीत. मूल पहिल्यापासून खालच्या रेषेने, पण त्याच रेषेला धरून चालले असेल आणि उंचीच्या मानाने वजन ठीक असेल, तर त्याची अंगकाठीच लहान असण्याची शक्यता मोठी असते. मधल्या काही महिन्यांत रेषा सोडून ते खाली घसरले असेल, तर कारण शोधावे लागते. तक्ता घेऊन या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जावे. अंगात रक्त कमी असणे, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, जंत, गहू न सोसणे यांपैकी काही असेल, तर पुढे लिहिलेले उपाय एकटे पुरे पडणार नाहीत. वारंवार जुलाब किंवा उलट्या होणे, खेळताना लवकर दमणे, येत असलेल्या गोष्टी विसरणे यांपैकी काही दिसल्यास आठवडाभरही थांबू नये.

आता दुधाविषयी, कारण मला खरी मेख येथेच दिसते. माझ्या मुलाच्या वेळी डॉक्टरांनी तीन दिवस तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहून आणावयास सांगितली. मला वाटत होते की तो काहीच खात नाही. वही उघडली तेव्हा दिसले की पहाटे अर्धवट झोपेत एक बाटली, जेवला नाही म्हणून दुपारी एक, संध्याकाळी रडला म्हणून एक आणि झोपताना एक, मिळून जवळजवळ ९०० मिली दूध पोटात जात होते. म्हणजे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी; आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच साधारण हजाराच्या घरात असते. भूक लागायची कधी? शिवाय दुधात लोह जवळजवळ नसते. लोह कमी पडले की भूक मंदावते, भूक मंदावली की आपण आणखी दूध देतो, आणि हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहते. दिवसाचे दूध ५०० मिलीच्या आत आणावे, बाटली सोडवून पेल्यातून द्यावे, आणि जेवणाच्या आधी न देता जेवणासोबत किंवा नंतर द्यावे. पहिले चार-पाच दिवस रडारड होते. आमच्याकडे पहाटेची बाटली सुटायला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत घरातील मोठ्यांचीच परीक्षा अधिक झाली.

भूक परत येऊ लागली तरी पोट लहानच असते, म्हणून घास वाढवण्यापेक्षा घासाचा कस वाढवावा. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, प्रथिने किंवा पिष्टमय पदार्थाच्या एका ग्रॅममधून सुमारे ४. छोटा चमचाभर तेल किंवा लोणी कालवले की जेवणाचा आकार तोच राहून चाळीसेक कॅलरी वाढतात. पातळ सूप आणि फळांचे रस पोट भरतात, अंगी फारसे लागत नाहीत. त्यांच्या जागी घट्ट शिजवलेली डाळ, अंडे, साईचे दही, कुस्करलेले केळे, सुक्या मेव्याची बारीक पूड असे पदार्थ द्यावेत. अख्खा सुका मेवा या वयात घशात अडकू शकतो, तो देऊ नये. गोड खाऊ आणि तळणीने काटा वर सरकेल, पण त्या वजनाचा मुलीला उपयोग नाही.

तीन जेवणे आणि दोन मधली खाणी, दोहोंत अडीच-तीन तासांचे अंतर, आणि त्या मधल्या वेळात पाण्याखेरीज काही नाही, एवढी शिस्त पुरते. वाटी घेऊन मागे धावणे मात्र आजपासून बंद करावे. ओठ घट्ट मिटणे, घास तासभर गालात धरून ठेवणे, चमचा दिसताच मान वळवणे ही मुलाची भाषाच असते; आपण नाक दाबून भरवले की त्याला अन्नाचीच भीती बसते. काय आणि केव्हा द्यायचे हे आपण ठरवावे, किती खायचे हे तिला ठरवू द्यावे. वीस-पंचवीस मिनिटांत ताट शांतपणे उचलावे, न खाल्ल्याबद्दल एक शब्दही बोलू नये, आणि पुढच्या वेळेपर्यंत तिची कीव येऊन बिस्किट पुढे करू नये.

पावडरीविषयी माझे मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी लिहून दिली तर द्यावी, एरवी नाही. बहुतेक पावडरी दुधातूनच द्यायच्या असतात, म्हणजे जे कमी करायचे तेच पुन्हा वाढते.

वजन डॉक्टरांनी लवकर बोलावले नसेल तर महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, कपडे आणि लंगोट काढून करावे. दोन वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण दोन किलो वाढते, म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅमच्याही आत; भिजलेल्या लंगोटाचे वजनच कित्येकदा तेवढे भरते.