वूचमध्ये (पोलंड) एमएस्सीला प्रवेश मिळालाय. हॉस्टेल घ्यावं की तिघांत मिळून फ्लॅट? महिना किती लागतो?

पहिलं वर्ष हॉस्टेलच घ्या. तिकडे त्याला ‘आकादेमिक’ म्हणतात. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की प्योत्रकोव्स्का रस्त्याजवळ एका जुन्या इमारतीत तिघांना फ्लॅट स्वस्तात मिळतोय. ते वाचून राहवलं नाही, कारण 2021 च्या ऑक्टोबरमध्ये मी नेमकं तेच केलं होतं.

मी इचलकरंजीचा. आमच्याकडे आजोबांपासून माग. टेक्स्टाइलसाठी तिथल्या पोलितेख्निकामध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, प्रवेश मिळाला तेव्हा घरात कुणाला परदेश वाटलाच नाही. वूच हे सुतावर उभं राहिलेलं शहर. शायब्लर, पोझ्नान्स्की यांच्या लाल विटांच्या गिरण्या, त्यांच्या भोवती कामगारांच्या वस्त्या. त्याला पोलंडचं मँचेस्टर म्हणतात आणि आमच्या गावाला महाराष्ट्राचं. वडिलांचं तर ठाम मत होतं. युद्धात पाचेक हजार पोलिश माणसं 1943 पासून पुढची चार-पाच वर्षं आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. ते म्हणाले, “त्यांना आपल्या मातीनं सांभाळलं, तुला तिथं कोण फसवतंय?”

कुणी फसवलंही नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं वाचून घरमालकाला शिव्या द्याव्याशा वाटतील. सगळं करारात लिहिलेलं होतं. करार पोलिशमध्ये होता आणि आम्ही तो मोबाइलवर वरवर भाषांतर करून पाहिला.

ती इमारत म्हणजे ‘कामिएनित्सा’. रस्त्याकडून कमान, आत चौक, चौकाच्या मागच्या बाजूला आमचा जिना. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. साडेतीन मीटर उंच छत, उंच खिडक्या. मला वाटलं, शंभर वर्षांपूर्वी पाळी संपवून कामगार याच पायऱ्या चढले असतील. त्या भावनेपोटी मी सही केली. आम्ही तिघं होतो, मी आणि सांगली-साताऱ्याचे दोघं, पण करारावर नाव एकट्या माझं. मालकाला एकच नाव हवं होतं आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

जाहिरातीत भाडं होतं 1,400 झ्लॉटी. त्या वेळी झ्लॉटी साधारण 19 रुपये होता, म्हणजे तिघांत परवडणारं. पण 1,400 हे फक्त मालकाचं. त्यावर इमारतीच्या देखभालीचा ‘चिन्श’ वेगळा, साडेतीनशेच्या आसपास. त्यावर ‘मेदिया’, म्हणजे वीज, गॅस वगैरे. तिकडच्या जाहिरातीत एक आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि ‘प्लस चिन्श, प्लस मेदिया’ खाली. तुम्हाला सांगितलेला आकडा यातला कोणता, ते आजच विचारा.

हे सगळं तरीही जमलं असतं. बुडवलं ते हीटरनी. त्या घराला हीटिंगसाठी शहराचं गरम पाणी येत नव्हतं. वूचच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या मोठ्या वसाहतींत, थंडी सुरू झाली की पाइपातून गरम पाणी येतं आणि त्याचा खर्च बहुधा चिन्शमध्येच असतो. जुन्या कामिएनित्सांत मात्र कुठे कोळशाची शेगडी, कुठे विजेचे हीटर. आमच्याकडे विजेचे, तीन खोल्यांत तीन. ऑक्टोबरमध्ये घर बघताना कुणाला सुचतंय विचारायला? डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनला अंधार पडतो. बाहेर उणे आठ. उंच छताची खोली तापतच नाही, ऊब सगळी वर जाऊन बसते. अंथरुणातून हात बाहेर काढला की बर्फ. सांगलीवाल्याची खोली कोपऱ्यातली, तिच्या दोन भिंती बाहेरच्या. जानेवारीत त्याच्या कपाटामागे काळी बुरशी उतरली. कपाट सरकवलं तर मागचा शर्ट ओला आणि भिंतीला हात लावला तर बोटं काळी.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला विजेचा हिशेब आला: 3,060 झ्लॉटी. आगाऊ भरलेले वजा करून. रुपयांत पंचावन्न हजारांच्या वर.

त्या रात्री स्वयंपाकघरात जे भांडण झालं ते मी विसरलेलो नाही. सांगलीवाला म्हणाला, घर तू निवडलंस, हीटर विचारायचं काम तुझं. मी म्हणालो, रात्रभर हीटर तुझाच चालू असतो. तिसरा गप्प बसला. पंधरा दिवसांत दोघंही निघून गेले, एक वॉर्सॉला, एक दुसऱ्या मित्राकडे. करारावर मी होतो, म्हणून बिल माझं. मार्चमध्ये मी घर सोडलं तेव्हा बुरशीसाठी ‘काउत्स्या’ (डिपॉझिट) कापली गेली. मालक म्हणाला, तुम्ही खिडक्या उघडून हवा खेळती ठेवली नाहीत. थंडीत रोज पाच मिनिटं खिडकी सताड उघडायची असते, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आम्ही फटी कागदाने बुजवत होतो. घर ताब्यात घेताना भिंतींचे फोटो नव्हते, ‘प्रोतोकूव’ म्हणजे ताबापावती नव्हती, त्यामुळे आधीपासून ओल होती असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. मीटरचा फोटो मात्र होता, तो सवयीने काढलेला. मागाच्या घरात वाढलेला माणूस मीटर बघतोच.

आणि तेवढ्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं. निर्वासित माणसं आली, शहरानं त्यांना घेतलं, ते योग्यच होतं. पण भाड्याची घरं दिसेनाशी झाली. शेवटी रेत्किनियाला एका ब्लॉकमध्ये एका आजींच्या घरी खोली मिळाली. ठेंगणं छत, समोर दुसरा ब्लॉक, इतिहास काही नाही. खिडकीखाली ‘कालोरिफेर’, म्हणजे गरम पाण्याचा रेडिएटर, इतका गरम की धुतलेली जीन्स तासाभरात वाळायची. पहिल्या रात्री मी त्याला पाठ लावून बसलो आणि घरी फोन केला.

तर आता कामाचं. नावं तिघांची घाला, वाटा लिहून ठेवा, मित्र असलात तरी. मित्र आहात म्हणूनच. मालकाला ‘मेल्दुनेक’बद्दल आधीच विचारा. तीस दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर आपल्यासारख्यांना पोचल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत पत्ता नोंदवावा लागतो, त्यातूनच पेसेल नंबर, म्हणजे तिकडचा ओळख क्रमांक, मिळतो. काही मालक त्याला नाही म्हणतात. नाही म्हणाला तर ते घर सोडा. हॉस्टेलमध्ये हा प्रश्नच येत नाही, आणि व्हिसाच्या कागदांतही हॉस्टेलचं पत्र उपयोगी पडतं.

शनिवारी रात्री पोचू नका. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, फार तर झाबका हे छोटं किराणा दुकान उघडं सापडेल. ट्रामच्या पासाला वूचमध्ये ‘मिगाव्का’ म्हणतात, हा त्या शहराचा खास शब्द, विद्यार्थ्यांना अर्ध्यात. ‘मश्लांका’ म्हणून कार्टनमध्ये ताक मिळतं, कढी उत्तम होते. घरून मसाला न्या, डाळी नेऊ नका, मिळतात.

महिन्याच्या खर्चाचं तुम्ही विचारलंत, पण माझे आकडे 2021-22 चे आहेत, त्यावर बजेट बांधू नका. झेप घेण्याआधी तिथे आत्ता असलेल्या कुणाला तरी विचारा. हेही खरं की सगळ्या कामिएनित्सा वाईट नाहीत, ज्यांना शहराचं गरम पाणी जोडलंय त्यांत राहणं सुखाचं आहे. आणि हॉस्टेलमध्ये खोलीचा जोडीदार कसा निघेल ते कुणाच्या हातात नसतं. पण फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नको. “ओग्झेवान्ये म्येय्स्क्ये?” असं विचारा, म्हणजे शहराचं हीटिंग आहे का. “एलेक्त्रिच्ने” असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा, छत कितीही उंच असो.

सांगलीवाला हे वाचत असेल तर त्याला सांगायचंय. तुझ्या खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या होत्या, हीटर तुला जास्त लागणारच होता. त्यात तुझी चूक नव्हती, हे मला त्या रात्री म्हणता आलं नाही. 1,020 झ्लॉटी मात्र तुझ्या वाटणीचे होते, आणि मीटरचा तो फोटो अजून माझ्याकडे आहे.